थोरलीचं पाणी

आमच्या घरात दोन सुना आहेत, असं माई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. त्यातली एक वारलेली आहे, हे त्या सवडीनं सांगायच्या.

जिवंत होती ती मी. १९६८ साली, एकोणतिसाव्या वर्षी, मुरगूडच्या मास्तरांची मुलगी प्रमोदिनी दुसरेपणावर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत आली. नवरा यज्ञेश्वर, कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर. शांत, सज्जन आणि कायम दुसरीकडे बघणारे. माई म्हणजे माझ्या सासूबाई. पहिली बायको वत्सला दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली होती, पोटात सहा महिन्यांचं मूल घेऊन. माईंनी पहिल्याच दिवशी वाटणी करून टाकली: ती थोरली, मी धाकटी. ‘धाकटे, चहा टाक.’ ‘धाकटे, दार लाव.’ प्रमोदिनी हे नाव लग्नपत्रिकेत छापलं तेवढंच. माझ्या जिभेला धार आहे हे सगळ्या मुरगूडला ठाऊक होतं, पण माईंपुढे ती चालेना, कारण त्या भांडायच्याच नाहीत. नुसती हाक मारायच्या.

थोरलीनं घरात दोन गोष्टी मागे ठेवल्या होत्या. एक नवरा, आणि दुसरी बाहेरच्या खोलीतली माशांची पेटी.

पेटी चांगली चार फूट लांब होती. लोखंडी अँगलची चौकट, पुट्टीनं बसवलेल्या काचा, वर पत्र्याचं झाकण आणि त्यात साठचा बल्ब. वत्सला बी. एस्सी. झालेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघांनी मिळून ती पेटी केली, रंकाळ्यातून आणि कळंब्याच्या तलावातून पाण्यातली झाडं आणून लावली. पाण्याखाली बागच होती म्हणे. कॉलेजातले लोक मुद्दाम बघायला यायचे. मी आले तेव्हा काचा हिरव्या पडल्या होत्या, झाडं कुजून दोऱ्यासारखी लोंबत होती आणि चार गप्पी मासे निव्वळ हट्टानं जगत होते. हे रविवारी तांब्याभर पाणी ओतायचे, चिमूटभर रवा टाकायचे आणि समोर खुर्ची घेऊन बसायचे. मी मागे भाजी निवडत बसायची. पाच वर्षं मी नवऱ्याची पाठ बघितली.

कपाट आवरताना एकदा तिची वही सापडली. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. ‘वाळू पंचगंगेची चालेल, पण हात घातल्यावर पाणी गढूळ होत नाही तोवर धुवावी. खाली चाळलेल्या मातीचा दोन बोटं थर, वर वाळू. नळाचं पाणी एक दिवस हंड्यात ठेवून मगच घालावं. सगळं पाणी एकदम कधी बदलू नये. जुनी पानं तिरकी कापावीत.’ पुढच्या पानावर होतं, ‘नवीन रोप सुटून वर तरंगतं. मूळ धरेपर्यंत बुडाशी शिशाची पट्टी गुंडाळावी. मूळ धरलं की पट्टी काढून घ्यावी.’

मी वही मिटली. तोवर माझी दोन बाळंतपणं पाचव्या महिन्यातच आटोपली होती, एक सत्तर साली आणि एक एकाहत्तर साली. नवीन रोप तरंगतं म्हणजे काय, हे मला कुणी लिहून सांगायची गरज नव्हती.

खरं सांगते, मला दुसरं काही नको होतं. साड्या नकोत, दागिने नकोत, नवऱ्यानं वळून बघावं ही आशाही मी सोडून दिली होती. मला ‘आई’ म्हणून हाक मारणारं एक माणूस हवं होतं.

त्र्याहत्तर साली तिसऱ्यांदा दिवस राहिले आणि माईंनी टाकाचा विषय काढला. दुसरेपणाच्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे पहिली रुसत नाही, ही आमच्याकडची रीत. यांना ते पटत नव्हतं. लग्नाच्या वेळीच त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं, आणि दोन मुलं त्यामुळंच गेली असं माईंचं ठाम मत होतं. या वेळी त्यांनी मुलाला विचारलंच नाही. गुजरीतल्या सोनाराकडून टाक करून आणला. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाई, हात जोडलेली. नाकडोळे म्हणजे तीन टिंबं. काळ्या दोऱ्यात ओवून त्यांनी तो माझ्या गळ्यात बांधला. मीही बांधून घेतला. मुलासाठी मी गळ्यात धोंडासुद्धा बांधून घेतला असता.

पण मग सुरू झालं. सकाळी आधी तिला हळदकुंकू, मग मला. ताटातला पहिला घास आधी तिला दाखवायचा. गजरा आधी तिला टेकवायचा. चौथ्या महिन्यात यांनी आपणहोऊन हिरवी इरकल आणली, पाच वर्षांतली पहिली साडी. मी घडी मोडणार तोच माई म्हणाल्या, ‘आधी थोरलीला नेसव हो.’ आणि ती कोरी साडी टाकाला लावून, नमस्कार करून, मगच माझ्या हातात आली. थोरलीची उतरलेली साडी.

दुपारी माई झोपल्यावर मी गळ्यातला दोरा उपसला. राग डोक्यात मावत नव्हता. नदीवर जाऊन सोडावा तर पोटुशा बाईला माई घाटाकडे फिरकू देत नव्हत्या. समोर पेटी होती. पाण्यात सोडायचा ना, मग हेही पाणीच की, असं मी मनाशी म्हटलं. तिचंच तळं, तिथंच पडू दे. झाकण उचलून मी टाक आत टाकला. तो हिरव्या पाण्यातून पानासारखा डुलत खाली गेला आणि वाळूवर आडवा पडला. मग पेटीखालच्या खोक्यातली शिशाची पट्टी घेतली, कात्रीनं तेवढाच तुकडा कापला, खिळ्यानं भोक पाडलं आणि दोऱ्यात ओवून गळ्यात घातला. माईंना बेताचंच दिसायचं. रोज सकाळी मी पोलक्याआड शिशाला हळदकुंकू लावायची आणि मला हसू यायचं.

पंधरा दिवसांत पेटीचं पाणी निवळलं.

आधी मला वाटलं, यांनी मनावर घेतलं असेल. काचांवरचा हिरवा थर गेला. कुजलेल्या दोऱ्यांच्या जागी पट्टीसारखी लांब पानं फुटली, आणि ती टाक पडला होता तिथूनच फुटली. बघता बघता अर्धी पेटी भरली. ऊन आलं की पानांवर बारीक बुडबुडे धरायचे आणि गप्पी मासे त्यातून हुंदडायचे. एका संध्याकाळी हे पेटीसमोर बसले आणि पाच वर्षांत प्रथमच खुर्ची फिरवून माझ्याकडे बघत म्हणाले, ‘किती निगुतीनं केलंयस. मला वाटलं नव्हतं, तुला याची आवड असेल.’

मी काही केलं नव्हतं. पण ते माझ्याकडे बघत होते. मी खाली मान घालून म्हटलं, ‘वहीत वाचलं थोडं.’

चुकलं माझं, पण पाच वर्षं पाठ बघितलेल्या बाईनं दुसरं काय करायचं ते मला कुणी सांगावं.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. हे सकाळी कॉलेजला जात. भांडी घासून चिमणाबाई अकराला जाई. माई जेवून झोपत. घरात तेवढी मी जागी. दुपारी तीनला खोलीत जावं तर पाण्यावर पानांचे तुकडे तरंगत असत, नुकते कापलेले, तिरके. कॉलेजातून आणलेला लांब चिमटा खिडकीत ओला पडलेला असे. मी पेन्सिलनं काचेवर पाण्याची रेघ आखली. एरवी आठवड्यात तांब्याभर तरी उतरणारं पाणी आठ दिवसांत रेघेखाली गेलं नाही. आणि स्वयंपाकघरातला तांब्याचा हंडा, जो मी सकाळी काठोकाठ भरून ठेवायची, तो रोज तांब्याभर उणा व्हायचा. हंड्यापासून पेटीपर्यंत फरशीवर थेंब असत. मी ते पदरानं पुसायची. का पुसायची, तर हे विचारतील म्हणून.

भीती वाटत होती का? वाटत होती. पण त्याच दिवसांत पाचवा महिना सरला आणि मूल राहिलं. टिकलं. भीतीपेक्षा मला त्या दिवसांचंच मोल जास्त होतं. मी बोटावर दिवस मोजत होते.

सहाव्या महिन्यात चिमणाबाई माझ्या पाठीला तेल लावायला लागली. ती पन्नाशीची, तोंडानं फटकळ, पण हात मऊ. पहिल्याच दिवशी तिनं दोरा बाजूला सारला आणि तिचा हात थांबला.

‘बाई, ही चांदी न्हवं. शिसं हाय की.’

मी सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. टाक, साडी, पेटी, हंडा, थेंब, सगळं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. तेलाची वाटी खाली ठेवून तिनं दाराकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, ‘व्हात्या पाण्यात सोडलं तर मानूस म्होरं जातंय. साचल्या पाण्यात सोडलं तर जाईल कुटं? तितंच ऱ्हातंय. आन् घरात ऱ्हायलं की कामाला लागतंय.’

टाक बाहेर काढून दे, मी पंचगंगेत सोडून येते, मागं वळून बघणार नाही, असं ती म्हणाली. त्याच दुपारी मी बाही वर सारून पेटीत हात घातला.

पाणी कोमट होतं. अंगाएवढं कोमट. बोटांनी वाळू उकरली तशी पांढरी मुळं लागली. मुळांनी टाकाला चहूबाजूंनी वेढलं होतं, मुठीत धरावं तसं. मी ओढलं. ओटीपोटात कळ आली, ओळखीची कळ, दोन वेळा आलेली. मी हात सोडला. कळ थांबली. थोड्या वेळानं पुन्हा ओढलं, पुन्हा कळ. तिसऱ्यांदा नुसतं एक मूळ तुटलं आणि मी जमिनीवर बसले, तोंडात पदर कोंबून, माई जाग्या होऊ नयेत म्हणून.

उठले तेव्हा माझा राग निवला होता. मी पेटीच्या काचेला कपाळ टेकलं आणि पहिल्यांदाच तिच्याशी बोलले.

‘पाणी तुझं. पेटी तुझी. यांची संध्याकाळसुद्धा तुझी, मी मागणार नाही. पोर तेवढं माझं.’

पानांवर धरलेले सगळे बुडबुडे एकदम सुटले आणि वर आले. मासे कोपऱ्यात गेले. मी त्याला होकार समजले.

चिमणाबाईला मी सांगितलं की टाक निघत नाही. त्यावर पुढचे तीन महिने ती बाहेरच्या खोलीचा केर काढायला तयार झाली नाही. मी स्वतः काढायची. हंडा रोज भरून ठेवायची आणि पेटीजवळ तांब्याही ठेवायची, तिला लांबून आणायला नको म्हणून. हे संध्याकाळी खुर्ची घेऊन बसत आणि माझं कौतुक करत. मी ते ऐकून घ्यायची आणि मनात तिला म्हणायची, हे तुझं आहे, घे.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत मुलगी झाली. सात पौंडांची, डोक्यावर दाट जावळ. दवाखान्यातून घरी आले तो पेटीचं पाणी पिवळं पडलेलं. पानं वितळून बुडाशी बसली होती. आणि वाळूवर, मुळांतून मोकळा होऊन, टाक पडला होता. मी तो सहज उचलला. कळ नाही, काही नाही. पदरानं पुसून उजेडात धरला.

तो कोरा होता. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत चांदी. हात जोडलेली बाई, तीन टिंबं, काहीच नव्हतं.

मला इतका आनंद झाला की मी रडले. गेली, असं मला वाटलं. शब्दाला जागली आणि गेली. चिमणाबाईनं तो पत्रा नेऊन पंचगंगेच्या धारेत सोडला. थोरलीची वही मी बारशाच्या आधीच बंबात घातली. शिशाची पट्टी मात्र गळ्यातून काढली नाही. माझं पोर त्या पट्टीनंच धरून ठेवलं असं मला वाटायचं, आणि त्यावर हसायचं तर कुणीही हसावं. मुलीचं नाव शुभदा ठेवलं. ती तीन महिन्यांची असताना माई झोपेत गेल्या. मला ‘धाकटे’ म्हणणारं घरात कुणी उरलं नाही, आणि चिमणाबाईही त्याच वर्षी लेकीकडे कबनूरला राहायला गेली.

मासे मेले, पाणी उपसलं. पेटीवर फळी टाकून आम्ही वर्तमानपत्रांची रद्दी ठेवायला लागलो. यांना वाईट वाटलं, पण मुलगी होती. आता ते खुर्ची तिच्याकडे तोंड करून टाकत.

शुभदा शांत मूल होती. रडायची कमी, बघायची जास्त. दीड वर्षाची असताना ‘बाबा’ म्हणाली. मी वाट बघत होते. दोन वर्षांची झाली, तीन वर्षांची झाली, शाळेत जायला लागली. सगळं बोलायची, मराठी शाळेत कविता म्हणायची, पण मला हाक मारायची नाही. काही हवं असलं की येऊन पदर ओढायची, नाहीतर समोर उभी राहायची. मी नाना तऱ्हेनं बोलवून बघितलं. खाऊ लपवला, लपाछपी खेळले, एकदा खोटंखोटं रडले. ती शांतपणे बघत राहिली. काही मुलं अशी असतात, असं हे म्हणायचे. मी पण तसंच म्हणायची.

ती सात वर्षांची झाली, त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एके दिवशी तिनं रद्दी उचलून खाली ठेवली, फळी काढली आणि बाबांना म्हणाली, ‘ही भरू या.’

यांना आभाळ ठेंगणं झालं. दोघं नदीवर जाऊन वाळू घेऊन आले. अंगणात बादलीत वाळू टाकून ती धुवायला बसली. पाणी ओतायचं, हात फिरवायचा, बघायचं, ओतून टाकायचं. मी दारातून बघत होते. तिनं अकरा वेळा धुतली. अकराव्या वेळी हात घातल्यावर पाणी गढूळ झालं नाही, तेव्हा ती उठली. आधी चाळलेली माती दोन बोटं, वर वाळू. हे नळाची बादली ओतायला निघाले तर तिनं त्यांचा हात धरला. ‘आज नाही. हंड्यात ठेवा, उद्या.’ ते माझ्याकडे वळून हसले. तूच शिकवलंयस ना, म्हणाले. त्यांचा समज तोच होता, आणि तो मीच करून दिलेला होता.

दुसऱ्या दिवशी हे कॉलेजात परीक्षेच्या कामाला गेले. दुपारचे तीन. रंकाळ्यातून आणलेली रोपं परातीत पडली होती. शुभदानं स्टुलावर चढून दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत सारल्या आणि एकेक रोप लांब चिमट्यानं वाळूत बसवायला घेतलं. तो चिमटा मी सात वर्षांपूर्वी फडताळाच्या मागे टाकला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येक रोपाच्या बुडाशी ती शिशाची पट्टी गुंडाळत होती, हलक्या हातानं, देठ न चिरडता. जुनी पानं कापत होती. तिरकी.

मी मागे भाजी निवडत बसले होते. समोर पाठ होती, एवढीशी, फ्रॉकमधली.

शेवटचं रोप राहिलं आणि खोक्यातल्या पट्ट्या संपल्या. रोप सुटून वर तरंगलं. तिनं ते बोटानं खाली धरून ठेवलं, आणि मागे न बघता दुसरा ओला हात माझ्याकडे पसरला.

‘धाकटे, गळ्यातली पट्टी दे.’

माझ्या हातातली मेथी खाली पडली. सात वर्षं मी एका हाकेची वाट बघत होते. हाक आली होती, मलाच आली होती.

मी उठले नाही, तेव्हा ती वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट, समजूत घालावी तशी ती मऊपणानं म्हणाली, ‘आता कशाला हवी तुला? मूळ धरलंय की.’

मी दोरा तोडला आणि पट्टी तिच्या हातावर ठेवली.